मुकादम झाल्याची बातमी

मंडळाच्या घटनेत दोन उद्दिष्टं छापलेली होती. एक, मायभूमीच्या विकासाला हातभार लावणे. दोन, पोटापाण्यासाठी परदेशी आलेल्या आपल्या माणसांना अडीअडचणीत साहाय्य करणे. पहिल्याच्या बाबतीत मंडळाला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. गावाकडच्या एका शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र पाठवलं होतं, आणि शाळेत वीज नाही हे कळेपर्यंत त्या यंत्रापायी दोन सत्कारही उरकले होते. दुसऱ्या उद्दिष्टाचं मात्र घोडं अडलेलं होतं, कारण अडचणीतला माणूसच सापडत नव्हता. सभासद सगळे खाऊनपिऊन सुखी. कुणाची अडचण असलीच तर गाडी उभी करायला जागा मिळत नाही, एवढीच. खरी अडचणीतली माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकेका खोलीत आठ-आठ जण राहत होती, आणि असं काही मंडळ आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यामुळे परांचीवरून एक माणूस पडला, तो आपल्याकडचा आहे आणि त्याच्याजवळचं कुणी नाही, असा इस्पितळातून फोन आला, तेव्हा चिटणिसांच्या मनात आधी कळवळा आला आणि त्याच्या पाठोपाठ, सांगायला बरं वाटत नाही पण, कलम दोन आलं. त्याची त्यांना लगेच लाज वाटली. पण इतकी वर्षं चिटणीसपद सांभाळलेला माणूस. कुणी मेल्याचं कळलं तरी हात आधी शोकप्रस्तावाच्या मसुद्याकडे जातो.

परांची म्हणजे बांधकामाभोवती लोखंडी नळ्यांचा जो सांगाडा उभारतात तो. हा गडी तो बांधायचं काम करायचा. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडला होता. छातीला आणि डोक्याला मार होता, उजव्या पायाचा चुरा झाला होता, आणि डॉक्टरांनी त्याला औषध देऊन झोपवून ठेवलं होतं. चिटणिसांनी काचेतून त्याला पाहिलं आणि त्यांना तो ओळखू आला. मंडळाच्या वार्षिक संमेलनाचा मंच यानंच बांधला होता. जेवायच्या वेळी तो मागच्या दाराशी ताट हातात घेऊन उभा होता आणि त्याला आत येऊन बस म्हणायचं सगळ्यांच्याच राहून गेलं होतं.

ठेकेदाराच्या कचेरीतली बाई त्याच्या घरी कळवायला निघाली होती. चिटणिसांनी तिला थांबवलं. म्हणाले, परक्या भाषेत, परक्या माणसाकडून अशी बातमी कळणं बरं नव्हे, हे काम आमचं मंडळ करील. तसं लेखीही दिलं, मंडळाच्या शिक्क्यासकट. ब्याद परस्पर टळल्याचा आनंद त्या बाईनं फारसा लपवला नाही.

तातडीची सभा अध्यक्षांच्या दवाखान्यात भरली. अध्यक्ष दंतवैद्य होते. रोगी गेल्यावर त्यांच्या बाहेरच्या खोलीत, भिंतभर काढलेल्या एका दाढेच्या चित्राखाली मंडळाचे सगळे गंभीर निर्णय होत. विषय एकच, घरी कसं कळवायचं.

"एकदम सांगायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मी रोग्याला कधीच एकदम सांगत नाही की दाढ काढावी लागेल. आधी म्हणतो, बघू या. मग म्हणतो, जराशी हलतेय."

"आणि मग?" खजिनदारबाईंनी विचारलं.

"मग काढतो."

खजिनदारबाईंचं म्हणणं, मुळात कळवायचंच कशाला? बाई एकटी, पदरात पोर, घरात म्हातारी सासू. एवढ्या लांबून ती करणार काय, रडण्याखेरीज? शुद्धीवर आला की तोच सांगेल आपल्या तोंडानं. तोवर तिच्या जिवाला घोर नको. हे बोलताना बाईंचे स्वतःचे डोळे भरून आले, आणि रडणाऱ्या बाईला विरोध करायची मंडळाची पद्धत नव्हती. ठराव झाला: 'तूर्त कळवू नये, मात्र संपर्क ठेवावा.' एकमतानं झाला. काही न कळवता संपर्क कसा ठेवायचा, याबद्दल ठरावात अवाक्षर नव्हतं. अशी कामं चिटणिसांकडे असतात.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्हाला जमायचं नाही."

"काय जमायचं नाही?"

"खोटं बोलणं. लग्न झाल्यापासून पाहतेय, एकदाही धड जमलेलं नाही तुम्हाला. मित्राकडे पत्ते खेळून आलात तरी दारातच कळतं. सरळ सांगून टाका त्या बिचारीला."

आता, नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे बायकोनं म्हटलं तर ते कौतुकच समजायला हवं. पण ऑफिसात चार माणसं ज्यांच्या शब्दाला मान देतात, ज्यांच्या आभारप्रदर्शनाला टाळ्या पडतात, त्या माणसाला काही जमायचं नाही म्हटलेलं झोंबतं. चिटणिसांना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी कागद घेतला, काय काय विचारलं जाईल आणि आपण काय उत्तर द्यायचं ते मुद्देसूद लिहून काढलं, दोनदा मोठ्यानं वाचलं आणि फोन लावला.

"नमस्कार वहिनी. मी इथल्या मंडळाचा चिटणीस बोलतोय."

"कसलं मंडळ? वर्गणी हवीय का?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. "नाही नाही. आपल्या यजमानांचा निरोप आहे. त्यांचा फोन बिघडलाय."

"मग तुमच्या फोनवरून बोलायला काय झालं त्यांना?"

"ते कामावर आहेत."

"आत्ता? तिकडे तर आता अंधार पडला असेल."

"रात्रपाळी लागलीय."

"परांचीवर? अंधारात?" पलीकडचा आवाज एकदम तीक्ष्ण झाला. "ओ भाऊ, दिवस मावळला की परांचीवर कुणी चढत नाही. मला काय सांगता? काही झालंय का त्यांना?"

इथं खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि बरंच दुःख वाचलं असतं. पण चिटणिसांच्या डोळ्यांपुढे ठराव होता, आणि शेजारच्या खोलीत बायको कान देऊन ऐकत होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ते आता परांचीवर नसतात. मुकादम झालेत."

पलीकडून ती म्हणाली, "काय सांगता!" आणि तो आवाज इतका बदललेला होता, इतका लहान मुलीसारखा झाला होता, की चिटणिसांना स्वतःलाच क्षणभर बरं वाटलं.

चांगल्या बातमीला पाय फुटतात. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा वहिनींच्या सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून झालेलं होतं. लोक घरी येऊन चहा पिऊन जात होते. ज्यांनी आजवर उंबरठा ओलांडला नव्हता तेही येऊन "आमचा मुलगा पण तिकडे लावून द्या" म्हणत होते. मुलीनं शाळेत बाईंना सांगितलं, माझे बाबा मुकादम आहेत, आणि बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. वहिनींचा भाऊ तर हातातलं काम सोडून परदेशी यायच्या तयारीला लागला होता. भावोजीच वर बसल्यावर काळजी कसली? चिटणीस "वा, वा" म्हणत ऐकत राहिले.

ऑफिस सुटलं की ते रोज इस्पितळात जात. परिचारिका त्यांना थोडा वेळ आत सोडायची. फोन आत न्यायला बंदी, फोटोला बंदी, आणि प्रकृतीची माहिती फक्त नातेवाइकांना. त्यामुळे तो कसा आहे हे चिटणिसांना बाकीच्या जगासारखंच नुसतं बघून ओळखावं लागे. ते पलंगाशेजारी उभे राहायचे. बोलावं तर काय बोलावं? शेवटी खाली वाकून हळूच म्हणायचे, "मुलगी पुढच्या बाकावर बसते आता." एकदा म्हणाले, "तुम्हाला न विचारता मी मुकादम केलंय. रागावू नका." यंत्र आपल्या चालीनं आवाज करत राहायचं.

मग वहिनी चिडायला लागल्या. साहजिकच होतं. "मुकादम झाले तर डोकं फिरलं का त्यांचं? बायकोशी दोन शब्द बोलायला वेळ नाही? सांगा त्यांना, पोरगी रोज विचारते." चिटणिसांना वाटलं, नुसतं 'सांगतो' म्हणून भागायचं नाही, काहीतरी उत्तर आणलं पाहिजे. त्यांनी बसून उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलं. म्हणाले, "वहिनी, ते म्हणाले, देहानं इथं असलो तरी मन सदैव तुझ्यापाशीच आहे. तुझ्या आठवणीविना एक क्षणही जात नाही."



"असं म्हणाले?"

"अगदी याच शब्दांत."

"त्यांना असलं बोलता येत नाही," वहिनी सावकाश म्हणाल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली. जास्तीत जास्त 'जेवलीस का' विचारतात. हे त्यांना कोण शिकवतंय? भाऊ, खरं सांगा. तिथं कुणी बाई आहे का?"

"छे छे! भलतंच काय!" चिटणीस इतक्या जोरात ओरडले की कुणाचाही संशय पक्का झाला असता. आणि तो झालाच. "कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "मोठं पद मिळालं, आता बायको गावंढळ वाटते. सांगा त्यांना, आता आलात नाही तरी चालेल. मी पोरीला घेऊन माहेरी चाललेय." आणि फोन बंद झाला.

एका सज्जन, कष्टाळू माणसाचा संसार, तो बेशुद्ध असताना, त्याच्या परस्पर, मंडळाच्या ठरावानुसार मोडत चालला होता. चिटणिसांची बायको सगळं ऐकून पुन्हा भाजी निवडायला लागली, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

रोग्याकडे येणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना एका छोट्या खोलीत बोलावलं. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि फार हळू बोलत होते. पायात विष पसरायला लागलं होतं. पाय काढला तर माणूस वाचायची चांगली आशा होती. पाय वाचवायचा प्रयत्न करून पाहता येईल, पण त्यात जीव जाण्याचा धोका मोठा. रोगी सांगू शकत नाही, तेव्हा हे घरच्या माणसानं ठरवायचं, आणि संध्याकाळच्या आत ठरवायचं.

"तुम्ही त्याचे कोण?"

"मी चिटणीस."

हे नातं डॉक्टरांच्या माहितीतल्या कुठल्याच नात्यात बसेना. "त्याच्या पत्नीला सगळी कल्पना आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आम्ही संपर्कात आहोत," चिटणीस म्हणाले.

बाहेर बोळात येऊन त्यांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष एका रोग्याचं तोंड उघडं ठेवून बोलत होते. म्हणाले, "घाई करू नका. पायरी पायरीनं घ्या. आधी सांगा, जरा ताप आलाय." चिटणिसांनी त्यांचं वाक्य पुरं होऊ न देता फोन ठेवला. मंडळाच्या स्थापनेपासून असं प्रथमच घडत होतं. मग त्यांनी बायकोला बोलावून घेतलं, ती धावत आली, आणि दोघं बोळातल्या बाकावर बसली. त्यांनी फोन लावला. आज हातात कागद नव्हता.

"वहिनी, ते इस्पितळात आहेत. परांचीवरून पडले. त्याच दिवशी पडले, ज्या दिवशी मी पहिला फोन केला. मुकादम वगैरे काही झालेले नाहीत."

"हे आता नवीन काढलं का?"

"वहिनी..."

"मी माहेरी निघाले म्हटल्यावर आजारी पडले का लगेच? कीव यावी म्हणून? त्यांनीच सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला? काय माणसं आहात हो तुम्ही! परवा मुकादम, काल कविता, आज इस्पितळ!"

"अहो, द्या मला," चिटणिसांच्या बायकोनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. बाईचं बाईला पटेल, असा तिचा हिशेब. "अहो ताई, ऐका माझं, हे खरं बोलतायत..."

"हीच का ती?" पलीकडून आवाज आला.

चिटणिसांच्या बायकोला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. हसतेय की रडतेय ते कळेना. बहुतेक दोन्ही.

"वहिनी," चिटणीस म्हणाले, आणि त्यांचा तो आभारप्रदर्शनाचा आवाज कुठल्या कुठे गेला. "माझं चुकलं. तुम्हाला काळजी नको म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं. आम्हाला कुणी सांगितलं होतं ठरवायला? तुमचं माणूस, तुमचं दुःख, आणि आम्ही ते परस्पर दडवून ठेवलं. मला तुम्ही काय वाटेल ते बोला. तोंड बघू नका माझं पुन्हा. पण त्यांच्या पायात विष झालंय. पाय काढायचा का, एवढं डॉक्टरांना तुम्हीच सांगायचंय. दुसरं कुणी सांगू शकत नाही. संध्याकाळपर्यंत."

पलीकडून कुणीतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता.

"कोणता पाय?" वहिनींनी विचारलं.

"डावा. नाही, थांबा. मी त्यांच्या समोर उभा राहतो ना, म्हणजे माझा डावा... खिडकी या बाजूला, पट्टी त्या बाजूला..." चिटणीस बोळातच उठून उभे राहिले, पलंग समोर आहे असं धरून हात हलवायला लागले. "उजवा. त्यांचा उजवा. हो. उजवा."

आणि वहिनींनी एक मोठा श्वास घेतला, जो इतक्या लांबूनही स्वच्छ ऐकू आला.

"पाठ करून आला असतात तर पटकन सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या. "म्हणजे खरं आहे."

"खरं आहे, वहिनी."

"मुकादमाचं सांगितलंत तेव्हाही मनात आलं होतं, हा माणूस वाचून दाखवतोय. पण ते खरं असावं असं वाटत होतं हो." मग त्यांना रडू फुटलं. खजिनदारबाई म्हणाल्या होत्या तशाच त्या रडल्या. रडता रडता त्या म्हणाल्या, "इतके दिवस ते तिथं असे पडलेत आणि मी इथं त्यांना शिव्या देतेय. देवासमोर बसून शिव्या दिल्या मी त्यांना, भाऊ. तुम्ही मला रडू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"



काही वेळानं वहिनींनी डोळे पुसले असावेत. आवाज कोरडा झाला. "कुठंयत डॉक्टर? द्या."

डॉक्टरांच्या खोलीत फोन टेबलावर ठेवला. डॉक्टर बोलत, चिटणीस त्याचं मराठी करून सांगत. सगळे धोके, सगळ्या शक्यता. वहिनींनी एकदाही मध्ये तोडलं नाही. डॉक्टरांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "परांची चढायला पाय लागतो, हे मला कळतं. त्यांचं पोट त्याच्यावर आहे, तेही कळतं. पाय काढा. माणूस ठेवा."

चिटणिसांनी आजवर पुष्कळ भाषणांचे अनुवाद केले होते, आणि प्रत्येकात पदरचे चार शब्द घातले होते. हे त्यांनी होतं तेवढंच सांगितलं.

शस्त्रक्रिया पार पडली. विष उतरलं, ताप उतरला, डॉक्टर झोपेचं औषध हळूहळू कमी करू लागले. वहिनींना रोज फोन जात होता आणि जे असेल ते सांगितलं जात होतं. जे माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून. भावाला त्याचं जुनं काम परत मिळालं नाही, आणि त्यावरून तो चिटणिसांना जे बोलला ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. सासूबाईंनी गल्लीत कुणाला काय सांगितलं ते विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

आणि मग मंडळाची पुन्हा सभा भरली, त्याच दाढेखाली. विषय, आता तो शुद्धीवर येईल, तर पाय गेल्याचं त्याला कसं सांगायचं. खजिनदारबाई म्हणाल्या, इतक्यात सांगायचं नाही, बिचाऱ्याच्या जिवाला घोर नको. अध्यक्ष म्हणाले, पायरी पायरीनं घेऊ. लगेच त्यांच्या लक्षात आलं की एका पायाच्या माणसाबद्दल आपण हे काय बोललो, आणि ते खोकायला लागले. पण सूचना मागे घेतली नाही. "पांघरूण घालून ठेवू," कुणीतरी म्हणालं. "लक्षात यायला वेळ लागेल." माना डोलू लागल्या. ठराव मांडायला चिटणिसांकडे पाहिलं गेलं.

चिटणीस उठले. म्हणाले, "त्यांच्या पत्नीशी माझं बोलणं झालंय. तिनं हे काम माझ्याकडे दिलंय."

"तुमच्याकडेच का?" अध्यक्षांनी जरा दुखावून विचारलं.

"ती म्हणाली, तुम्ही सांगा, कारण तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

असं म्हणून ते सभा चालू असताना निघून गेले. ठराव त्यांच्या माघारी झालाच, एकमतानं.

तो जागा झाला तेव्हा ते पलंगापाशी होते. डोळे उघडून तो बराच वेळ छताकडे पाहत होता. मग त्यानं मान वळवली. घसा पार सुकलेला होता.

"पडलो ना मी?"

"हो. पडलात."

त्याचा हात पांघरुणावरून खाली सरकू लागला. चिटणिसांनी तो हात धरला. "उजवा पाय काढावा लागला. गुडघ्याच्या वर. पाय ठेवला असता तर तुम्ही राहिला नसतात. मी घरी विचारलं. वहिनी म्हणाल्या, पाय काढा, माणूस ठेवा."

त्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी वाहत कानापर्यंत गेलं. चिटणिसांना पुष्कळ वाक्यं सुचली, धीर देणारी, आधार देणारी, पण त्यांनी एकही उच्चारलं नाही. नुसता हात धरून उभे राहिले. परिचारिका येऊन नळी बघून गेली.

मग त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "तिला सगळं माहीत आहे?"

"सगळं."

"रागावली असेल."

"फार," चिटणीस म्हणाले. "तुमच्यावर, माझ्यावर, सगळ्या जगावर. काल तर म्हणाली, जागे झाले की पहिलं विचारा, कंबरेला पट्टा बांधला होता की नाही. नसेल बांधला तर इथं येऊन दुसरा पायही मोडीन म्हणाली."

त्याच्या सुकलेल्या ओठांना जराशी मुरड पडली. हाताची पकड घट्ट झाली.

"नव्हता बांधला," तो हळूच म्हणाला. "तिला नका सांगू."

चिटणीस त्याच्याकडे पाहत राहिले. एका माणसाचा एवढासा शब्द ठेवायचा होता, आणि तो ठेवणं आता आपल्याच्यानं होणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"सांगावं लागेल," ते म्हणाले. "ती विचारील, आणि मला जमायचं नाही."